डाळिंबी झग्यातली कसर

१

पेटीचं झाकण उघडलं तसे आधी चार-पाच फिकट सोनेरी पतंग फडफडत बाहेर आले, आणि मग सगळ्यांना तो दिसला. डाळिंबी झगा. नाटकातल्या राजाचा, गळ्यापासून टाचेपर्यंत लोंबणारा, अस्सल लोकरीचा. दोन महिने सारं नाट्यगृह पालथं घातलं तरी ज्याचा मागमूस लागला नव्हता, तो तळघरात, कपडेपटाच्याच खोलीत, एका पत्र्याच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेला होता. आणि पेटी होती कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींची.

"घ्या!" मॅनेजर म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

मावशी पुढे झाल्या. वाकून झग्याच्या घडीकडे बघत राहिल्या. कॉलर आत वळवून, दोन्ही बाह्या पोटाशी घेऊन घातलेली घडी होती ती. मग त्या सरळ झाल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पेटी माझी आहे. झगा मी ठेवलेला नाही." त्यानंतर त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

फौजदारबाई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं लोटली होती, पण लोक अजून त्याच नावानं हाक मारत. आदल्या दिवशी मॅनेजरांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, की उद्या एकूण एक पेटी उघडणार, आणि तरी झगा मिळाला नाही तर पोलीस प्रत्येकाच्या घरी जातील. साक्षीला एखादं वजनदार माणूस असावं म्हणून त्यांनी बाईंना बोलावलं होतं. "तुम्ही फक्त बघायचं आणि हो म्हणायचं," असं फोनवर सांगितलं होतं.

तिथेच त्यांचं चुकलं. बाईंचा स्वभाव मुळात तिरका. कुणी तयार उत्तर हातात ठेवलं, की त्यांना आधी ठेवणाऱ्याचा संशय यायचा.

"पोलिसांत नका हो देऊ," मागून एक भरदार आवाज आला. ते महाराज होते. पंचवीस वर्षं राजाची भूमिका केली म्हणून त्यांना सगळे महाराजच म्हणत. यंदापासून ती भूमिका एका तरुण नटाकडे गेली होती. महाराजांचे डोळे भरून आले होते. "वय झालंय त्यांचं. काढायचं तर कामावरून काढा, पण बोभाटा नको."

"उद्या संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे," मॅनेजर म्हणाले. "तिथे काय ते होईल. नोकरी गेली की मागची खोलीही सोडावी लागेल, हे मात्र आत्ताच सांगतो."

मावशींचं घर म्हणजे तळघरामागची ती एकच खोली. नवरा गेल्यापासून त्या तिथेच राहत होत्या. जायला दुसरी जागा नव्हती, आणि हे त्या खोलीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

बाईंनी पेटीपाशी गुडघे टेकले. झग्याची कॉलर आणि काखा कसरीनं खाऊन चाळणी केल्या होत्या. बाकी झगा मात्र जवळजवळ धड. त्यांनी तो उचलून बाजूला धरला आणि पेटीच्या तळावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"उद्या संध्याकाळपर्यंत या झग्याला माझ्याखेरीज कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग पर्समधली गोळ्यांची बाटली रिकामी करून त्यांनी त्यात तीन पतंग पकडले.

मॅनेजरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आता त्या किड्यांची साक्ष काढणार का?"

"बघू," बाई म्हणाल्या. "माणसं तर बोलायला तयार दिसत नाहीत."

२

मावशींच्या खोलीत हातपाय गारठत होते. दगडी भिंती, एक झरोका, आणि शेगडी नाही. कपड्यांच्या शेजारी विस्तव नको, असा मावशींचाच नियम होता आणि तो त्या स्वतःलाही लावत. अंगावर दोन शाली घेऊन त्या खाटेवर बसल्या होत्या.

"शेवटचा प्रयोग झाल्यावर झग्याचं काय केलंत?" बाईंनी विचारलं.

कामाबद्दल विचारलं की मावशी बोलत. "धुतला. घामाचा कपडा कसरीला आधी आवडतो. मग मोठ्या फ्रीझरमध्ये ठेवला, म्हणजे अंडी असली तरी मरतात. मॅनेजर समोर होते. मग वाळवला, खालच्या घेराला खडूची रेघ मारली आणि पिशवीत बांधून फळीवर ठेवला."

"खडूची रेघ कशाला?"

"नवा राजा ठेंगणा आहे. वीतभर कापायला लागणार होता. नाटक उभं राहायच्या आधी कापू, म्हटलं."

बाईंनी मघाशी झग्याचा घेर बघितला होता. खडूची रेघ तिथे नव्हती. घासून, ब्रश मारून कुणीतरी ती पुसून टाकली होती.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. सगळ्यांसमोरच माप घेतलं."

"तुमचा संशय कुणावर?"

मावशींनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मी कुणाचं नाव घेणार नाही."

बाईंना हे खटकलं. ज्याच्यावर आळ येतो तो चार नावं तरी घेतोच. या बाईच्या डोक्यावर छप्पर राहत नाही अशी वेळ आलेली, आणि ही गप्प. एक तर हिनंच केलं होतं, नाहीतर कुणाला तरी पाठीशी घालत होती. दोन्हींपैकी कुठलं, ते बाईंना सांगता येईना.

मॅनेजरांकडे उत्तरं तयारच होती. "चावी तिच्याकडे असते. झालं की."

"आणि दुसरी चावी?"

"रंगपटातल्या खिळ्याला."

"म्हणजे सगळ्या गावाकडे." बाई म्हणाल्या. "बरं, मावशी गेल्या तर कपडेपट कोण बघणार?"

मॅनेजर जरा अडखळले. "माझी मेव्हणी शिवणकाम शिकलेली आहे. तशी वेळ आलीच, तर."

वेळ येण्याआधी मेव्हणी तयार होती, हे बाईंनी मनात नोंदवून ठेवलं.

नवा राजा नाट्यगृहाच्याच पोटमाळ्यावर राहत होता. कानाला मफलर, हातमोजे, नाक लाल. छपराच्या दुरुस्तीमुळे वरून वारा येत होता. "मला तो झगा नकोच होता," तो म्हणाला. "लोक मला बघायला येतील की झग्याला, तेच कळेना. पण मी चोरेन कशाला? तो तर मलाच मिळणार होता."

आणि प्रकाशयोजना बघणारे उजेडदादा. त्यांचं आणि मावशींचं हाडवैर. एकदा त्यांच्या दिव्यानं मावशींचा जाळीचा पडदा करपला होता, तेव्हापासून दोघं एकमेकांना तिसऱ्या माणसामार्फत निरोप देत. "मावशी चोर असतील असं मी म्हणत नाही," उजेडदादा म्हणाले, "पण त्या कुणाचं ऐकत नाहीत, हेही तितकंच खरं."

"म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार नाही त्या गेल्या तर."

"वाईट वाटेल ना," दादा चिडून म्हणाले. "मग भांडू कुणाशी?"

महाराज सगळ्यांत शेवटी आले. बाकीचे कुडकुडत असताना ते पातळ सदऱ्यात होते, आणि हातात कागदी पिशवी. "घ्या, गरम आहेत," म्हणत त्यांनी बाईंच्या हातात पाव ठेवला. मग बराच वेळ ते मावशींचं कौतुक करत राहिले. प्रवेश करायच्या आधी त्या झग्याची बटणं लावून पाठीवर हलकी थाप मारायच्या, त्याशिवाय आपलं पाऊल रंगमंचावर पडत नसे, असं म्हणाले.

"मग त्यांनी चोरी केली असेल असं वाटतं तुम्हाला?"

महाराजांनी मान खाली घातली. "माणसाचं काय सांगता येतं, बाई?"

एवढं कौतुक करून शेवटी असं उत्तर. बाईंनी पाव पर्समध्ये टाकला. कौतुक खरं वाटत होतं, आणि तरी कुठेतरी पाणी मुरत होतं.

३

बाईंच्या घरात माणसं दोन आणि किडे अगणित. त्यांची धाकटी बहीण कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायची. स्वयंपाकघरात साखरेचा डबा उघडावा तर आत सुरवंट निघावा, अशी परिस्थिती. यावरून दोघींचं रोज वाजायचं. पण त्या दिवशी बाई घरात शिरल्या त्या थेट बाटली पुढे करत.

"हे काय आहे सांग."

धाकटीनं बाटली उजेडाला धरली. "कपड्याची कसर. म्हणजे खाणारी अळी ती कसर, आणि मोठी झाली की हा पतंग. कुठे मिळाले?"

बाईंनी सगळं सांगितलं. फ्रीझर, फळी, पेटी, तळघर. धाकटी ऐकता ऐकता थांबली.

"तळघर गार आहे म्हणालीस ना?"

"बर्फासारखं."

"मग हे तिथे वाढलेले नाहीत."

बाई खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघ ताई. आपल्या पोटात शेगडी असते. बाहेर कितीही थंडी असो, आपण आपले गरम. किड्याला ती सोय नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढीच त्याच्या अंगाची धाव. ऊब असली की भराभर खातो, भराभर वाढतो. थंडी असली की सगळं मंद. तुझ्या तळघरात अंडं घातलं असतं तर दोन महिन्यांत अळी कशीबशी तिळाएवढी झाली असती. पतंग व्हायला वर्षाचा बराचसा भाग गेला असता."

"मॅनेजर म्हणेल, अंडी जुनी होती. माझ्यासमोर झगा फ्रीझरमध्ये ठेवला, पण माझी पाठ वळताच काढून घेतला, आणि कसर आधीपासून सावकाश वाढत होती. मग?"

धाकटी उठली. फ्रिजच्या मागून तिनं एक डबी आणली आणि मागच्या थंड खोलीतून दुसरी. दोन्हींतले मेलेले पतंग काळ्या कागदावर ओतले आणि बाटलीतले शेजारी ठेवले. "हे मागच्या खोलीतले, गारव्यात वाढलेले. हे फ्रिजच्या मागच्या उबेतले. आई तीच, लोकर तीच. बघ."

फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. गारव्यातले पतंग थोराड होते, उबेतले बारके. आणि बाटलीतले तिन्ही त्या बारक्यांच्या रांगेत शोभत होते.

"उलटं नाही का हे?" बाईंनी विचारलं. "जास्त खातो तो बारका कसा?"

"मोठ्या आचेवर भांडं ठेवलं की पाणी लवकर उकळतं, पण आटतंही तेवढंच. उबेत किड्याचं खाणं नुसतं जगण्यावरच खर्च होतं. आणि अंग भरायच्या आतच तो मोठा होऊन बसतो. गारव्यात खर्च कमी, वेळ भरपूर, म्हणून अंग भरतं. उपाशी राहिला तरी बारका राहतो म्हणा, पण यांच्यापुढे अख्खा झगा होता. कुठे खाल्लाय?"

"कॉलर आणि काखा."

"घामाच्या जागा. नुसती धुतलेली लोकर त्यांना मानवत नाही."

बाई एकदम ताठ बसल्या. मावशींनी झगा धुऊन ठेवला होता. मग घाम आला कुठून? चोरीनंतर कुणीतरी तो अंगात घातला होता, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. विकायला चोरणारा माणूस असं करत नाही. आळ घालायला चोरणाराही करत नाही. आणि मावशींच्या खोलीत तर पाणीसुद्धा गोठेल.

"अजून एक," धाकटी म्हणाली. "एवढं खाल्लं म्हणजे विष्ठा पडणारच, वाळूसारखी. लोकर ज्या रंगाची, तिचा रंगही तोच. पेटीत डाळिंबी कण होते?"

"एकही नाही."

"मग जिथे असतील तिथे झगा होता. आणि दिवसा ऊब नि रात्री गार, असली जागा नको शोधू. दोन महिन्यांत एवढी मजल मारायची तर रात्रंदिवस ऊब हवी."

बाईंच्या डोळ्यांपुढे एकच खोली आली. रंगमंचाच्या मागे, यंत्रांनी भरलेली, जिथे हिवाळ्यातही पंखा लावून बसतात. उजेडदादांची.

४

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. उजेडदादा आत होते. अंगात कोट, कोटावर घोंगडी, आणि तोंडातून वाफ.

"एवढं गार कसं इथे?" बाईंनी न राहवून विचारलं.

"गार नाही तर काय! छपराचं काम सुरू झालं तेव्हापासून इथली वीज तोडलेली आहे. आज कुठे जोडणार आहेत. दोन महिने इथे उंदीरसुद्धा फिरकला नाही."

बाईंनी तरी सगळे कोपरे बघितले. धूळ होती, करड्या रंगाची, दोन महिन्यांची. डाळिंबी काही नव्हतं. रात्रभर ज्या उत्तरावर त्या खूश होत्या ते हातातून निसटलं, आणि बैठक संध्याकाळवर आली होती.

उजेडदादा त्यांच्यामागे घुटमळत होते. "बाई, एक विचारू? मावशींना खरंच काढतील का हो?"

"तुम्हाला कशाला काळजी?"

"तो जाळीचा पडदा," दादा पुटपुटले, "माझ्याच चुकीनं जळला होता. कधी कबूल केलं नाही मी. त्यांना सांगू नका."

बाईंना हसू आलं. चोराच्या मनात चांदणं असतं, पण सगळेच चोर झग्याचे नसतात.

बाहेर येऊन त्या पायरीवर बसल्या. पोटात कावळे ओरडत होते. पर्समध्ये हात घातला तर कालचा पाव हाती लागला. त्या तो मोडून तोंडात टाकणार, तेवढ्यात हात थांबला.

काल सगळं नाट्यगृह कुडकुडत होतं. नवा राजा मफलरात, मावशी दोन शालींत. आणि पाव हातात ठेवणारा माणूस पातळ सदऱ्यात. ज्याला घरातून निघताना थंडीची आठवणच होत नाही, असा माणूस.

हे पाव गरम कसे राहिले, हा प्रश्न काल आपण विचारला कसा नाही, म्हणून बाईंना स्वतःचाच राग आला.

५

महाराजांची खोली बेकरीच्या बरोबर वर होती. जिना चढतानाच उबेचा लोट अंगावर आला. आत पाऊल टाकल्यावर बाईंनी कोट काढला, मग स्वेटरही.

"भट्टी कधी विझवतात?" त्यांनी सहज विचारलं.

"कधीच नाही." महाराज कौतुकानं म्हणाले. "दिवसा पाव, रात्री उद्याचे पाव. इतकी वर्षं राहतोय, हिवाळा फक्त ऐकून माहीत. ओल म्हणाल तर नावाला नाही. बसा ना."

बाई बसल्या नाहीत. भिंतीत एक लाकडी कपाट होतं. त्याच्या पाठीमागून भट्टीचं धुराडं जात असावं. त्यांनी दारावर तळहात ठेवला. दार माणसाच्या अंगाइतकं उबदार होतं.

"यात काय आहे?"

"जुने कपडे," महाराज म्हणाले. आवाज तोच होता, भरदार, पण त्यातला राजा कुठे गेला कोण जाणे.

बाईंनी कपाट उघडलं. एक-दोन जुने स्वेटर, आणि मधोमध एक रिकामी खुंटी. त्या वाकल्या. खालच्या फळीवर, खुंटीच्या बरोबर खाली, वाळूसारखे बारीक कण साचले होते. त्यांनी चिमूट उचलून तळहातावर घेतली आणि खिडकीपाशी नेली.

कण डाळिंबी होते.

महाराज खाटेवर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. खालून पावाच्या पत्र्यांचा खडखडाट येत होता.

"मावशी तो कापणार होत्या," शेवटी ते म्हणाले. "वीतभर! मी माप घेताना बघितलं. पंचवीस वर्षं ज्यात मी राजा होतो त्याला खडू लावला, आणि तो पोरगा हसत होता. मला नाही सहन झालं."

"म्हणून उचलून आणलात. आणि खडू पुसलात."

"रोज संध्याकाळी घालायचो. नुसता. आरशापुढे." त्यांनी चेहरा हातांनी झाकला. "जपलं हो मी त्याला. तळघरात ओल असते, म्हणून इथे, कोरड्यात, उबेत ठेवला. ओल म्हणजे कपड्याचा काळ, हे मावशींनीच मला शिकवलं होतं. पहिला पतंग उडाला तेव्हा मला वाटलं, खिडकीतून आला असेल."

बाईंना त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. या माणसानं झग्याला ओल लागू दिली नव्हती. त्या गार खोलीत बसलेल्या बाईचं काय होईल, याचा मात्र विचार केला नव्हता.

"मावशींच्या पेटीत कशाला ठेवलात?"

"त्यांची आहे हे माहीत नव्हतं! खरंच सांगतो. मॅनेजर म्हणाले पोलीस घरोघरी येणार, मी घाबरलो. रात्र पडायच्या आत परत नेऊन ठेवावा म्हटलं. पिशवी मी फेकली होती. ती पेटी रिकामी होती, कुलूपही नव्हतं, मला वाटलं चिंध्यांसाठी ठेवली आहे. सापडेल, सगळे खूश होतील, विषय संपेल."

"आणि पेटी कुणाची ते कळल्यावर?"

महाराज उठून कपाटाचं उघडं दार लावायला लागले.

बाईंनी ते कण कागदाच्या पुडीत बांधले. "बैठक संध्याकाळी आहे. मी तिथे सगळं सांगणार, नाव सोडून. नाव तुम्ही सांगायचं. नाही सांगितलंत तर पुडी माझ्याकडे आहे."

६

विश्वस्त टेबलामागे बसले होते, बाकीचे समोरच्या खुर्च्यांवर. मावशी एकट्या, कडेला. त्यांनी बरोबर एक गाठोडं आणलं होतं. सामान आवरूनच आल्या होत्या.

मॅनेजरांनी दोन वाक्यांत निकाल लावून टाकला. मग बाई उठल्या आणि त्यांनी झगा टेबलावर ठेवून शेजारी काळ्या कागदावर पतंग मांडले. थोराड आणि बारके. उबेची आणि गारव्याची गोष्ट त्यांनी धाकटीच्याच शब्दांत सांगितली. रिकामा तळ, घामाची कॉलर, पुसलेला खडू, सगळं सांगितलं.

"मावशींनी दुसरीकडे ठेवून मग पेटीत आणला असेल," मॅनेजर म्हणाले. ते सहजासहजी सोडणारे नव्हते.

"कुठे? त्यांच्या खोलीत जाऊन बसा घटकाभर, मग बोला. झगा होता तिथे रात्रंदिवस ऊब होती. पोटमाळ्यावर नव्हती, दिव्यांच्या खोलीत नव्हती. आणि ज्यानं नेला त्याला तो विकायचा नव्हता, घालायचा होता. तो कापला जाणार हे त्याला सोसवलं नाही."

नव्या राजानं हळूच मान वळवली. मग उजेडदादांनी. एकेक करून सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीकडे गेल्या. महाराज पुतळ्यासारखे बसून होते. बाईंनी पर्समधल्या पुडीवर हात ठेवला.

"बाई, नाव सांगा," अध्यक्ष म्हणाले.

बाईंनी महाराजांकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात कितीतरी गुन्हेगारांची नावं घेतली होती, पण हे एक घ्यायला लागू नये असं त्यांना मनापासून वाटत होतं.

खुर्ची सरकली. महाराज उभे राहिले. राजाच्या आवाजात नाही, साध्या, घोगऱ्या आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. मग ते मावशींसमोर गेले. "मावशी, मी बोलायला हवं होतं. त्याच क्षणी. मी भ्यालो."

"मला माहीत होतं," मावशी म्हणाल्या.

महाराज दचकून एक पाऊल मागे सरले.

"कॉलर आत वळवून घडी कोण घालतं? पंचवीस वर्षं सांगतेय, अशानं कॉलर मोडते. झाकण उघडलं आणि मला कळलं."

"मग बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं. हा एक धागा त्यांच्या हाती लागला नव्हता.

"यांनी बोलावं म्हणून थांबले होते." मावशींनी गाठोडं मांडीवर ओढलं. "चोरीचं मला काही वाटलं नाही हो. पण काल हे सगळ्यांदेखत म्हणाले, काढायचं तर काढा. तेव्हा फार लागलं मला."

महाराजांना रडू आवरेना. मॅनेजर काहीतरी म्हणायला गेले, अध्यक्षांनी हातानं थांबवलं आणि मावशींना विचारलं, "यांचं काय करायचं, तुम्ही सांगा."

मावशींनी डोळे पुसले. गाठोड्याची गाठ सोडली, आतून कात्री नि खडू काढला आणि झगा टेबलावर पसरला. चाळणी झालेल्या कॉलरवरून बोटं फिरवली.

"ही गेली. हिला रफू नाही चालायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पण खालची वीतभर पट्टी निघेल, तिची नवी कॉलर होईल. रंग तोच, लोकर तीच."

त्यांनी घेरावर पुन्हा पांढरी रेघ ओढली. मग मान वर न करता झग्याचं एक टोक महाराजांकडे सरकवलं.

"धरा. आणि सरळ धरा, हात हलवू नका."

महाराजांनी दोन्ही हातांनी टोक धरलं, आणि मावशींनी कात्री चालवायला सुरुवात केली.